थैली समोर येण्याआधी: मुलांना द्यायला शिकवताना

रविवारच्या उपासनेत दानार्पणाचं गीत सुरू झालं की बाकाबाकांवर एक छोटी धांदल उडते. आई पर्स उघडते, बाबा खिसे चाचपतात आणि थैली आपल्या रांगेत पोचायच्या आत दहाची नोट मुलाच्या मुठीत कोंबली जाते. मूल ती टाकतं, थैली पुढे सरकते. यात मुलाने काय दिलं? काहीच नाही. नोट बाबांची, निर्णय आईचा, घाई दोघांची. मुलाने नुसती पोचती केली. आणि आता दाराशी क्यूआर कोडचा फलक लागल्यापासून अनेक घरांत तेवढंही उरलेलं नाही. बाबांचा मोबाईल एकदा टिंग वाजतो, संपलं दानार्पण.

संडेस्कूलच्या मुलांमध्ये वावरून माझं एक मत पक्कं झालंय. मूल जे देतं ते त्याचं स्वतःचं असलं पाहिजे आणि ते कुणाकडे गेलं हे त्याला ठाऊक असलं पाहिजे. या दोन्हीतलं एक जरी सुटलं तरी बाकीची वचनं, गाणी आणि तक्ते कोरडे राहतात. खाली जे सांगते आहे ते पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांना डोळ्यांसमोर ठेवून. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॉव्हेनंट, कुठल्याही मंडळीचं घर असो, थोडंफार इकडेतिकडे करून चालेल.

पहिली पायरी: आधी मुलाच्या हातात काही असू द्या

ज्याच्याकडे काही नाही तो देणार काय? म्हणून सुरुवात हातखर्चापासून. तीन-चार वर्षांच्या मुलाला पैशाचा अर्थ नसतो. त्याचं देणं म्हणजे बिस्किटाच्या पुड्यातलं एक बिस्किट, रंगपेटीतला एक खडू. पहिली-दुसरीपासून आठवड्याला ठरलेली छोटी रक्कम द्यावी. तिसरी-चौथीच्या मुलाला आठवड्याला पन्नास रुपये बहुतेक घरांना झेपावेत. नसतील झेपत तर वीस द्या, पण वार आणि रक्कम ठरलेली असू द्या. शनिवारी संध्याकाळ बरी, कारण दुसऱ्या दिवशी उपासना असते.

पन्नासची नोट देऊ नका. पाच आणि दहाची नाणी द्या. नोट अख्खी असते, तिचे भाग करता येत नाहीत, आणि मूल ती मोडायला तयार नसतं. (दहाचं नाणं घ्यायला काही दुकानदार अजून कां-कू करतात. नाणं चलनात आहे, ठामपणे द्या. मुलाच्या देखत हा संवाद झाला तर तोही एक धडाच.) मग लोणच्याच्या तीन रिकाम्या काचेच्या बरण्या स्वच्छ धुऊन ठेवा: द्यायचे, साठवायचे, खर्चायचे. काचेच्याच, कारण आतलं वाढताना आणि कमी होताना दिसलं पाहिजे. पत्र्याच्या गल्ल्यात पैसे टाकले की मुलाच्या लेखी ते गायब होतात.

आता कळीचा प्रश्न: द्यायच्या बरणीत किती? आपल्याकडे लगेच दशांश येतो. पन्नासाचे पाच, हिशेब सोपा आहे आणि आकडा म्हणून तो मुलाला जरूर सांगावा, मलाखीचा तिसरा अध्याय वाचून दाखवावा, आपल्या घरी काय पद्धत आहे तेही सांगावं. पण मुलाच्या बरणीवर तो लादू नये असं मला वाटतं. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं ते याच बाबतीत: ज्याने-त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून नव्हे, कारण ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’. आठ वर्षांच्या मुलाकडून सक्तीने घेतलेले पाच रुपये म्हणजे कर झाला. एखादा आठवडा ते दोन रुपये टाकेल. टाकू द्या. दोनवर भुवया उंचावल्या तर पुढच्या वेळी ते पाच टाकेल, पण तुमच्यासाठी.

याची उलटी बाजू जास्त अवघड आहे. एखादं मूल भावनेच्या भरात सगळेच्या सगळे पन्नास देऊन टाकतं आणि मंगळवारी शाळेतून येताना मित्र वडापाव खात असतात तेव्हा रडवेलं होऊन घरी येतं. अशा वेळी आजीचा हात हमखास बटव्याकडे जातो. अडवा त्या हाताला, प्रेमाने पण अडवा. भरपाई मिळाली की दिलेलं परत आलं, आणि परत येणारं देणं फुकटचं असतं. मुलाला जवळ घ्या, वडापावाची हळहळ खरी आहे हे मान्य करा, घरी काय असेल ते खायला द्या. शनिवार येतोच आहे.

दुसरी पायरी: गोष्टी, पण तात्पर्य न काढता

विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट (मार्क १२) आपल्या मुलांनी इतक्यांदा ऐकलेली असते की शिक्षिकेने ‘मंदिरात एक गरीब बाई’ म्हणताच वर्ग पुढचं म्हणून दाखवतो. म्हणून जरा वेगळ्या बाजूने शिरा. त्या दिवशी येशू दानपेटीसमोर बसून लोक कसे टाकतात ते बघत होता. त्याने शिष्यांना बोलावून ती बाई दाखवली. तिला मात्र हाक मारून शाबासकी दिल्याचं शुभवर्तमानात कुठे नाही. मुलांना एवढंच विचारा: तिला कधी कळलं असेल का, की कुणीतरी बघितलं? आणि गप्प बसा. उत्तरं चांगली येतात, कधीकधी मोठ्यांपेक्षाही चांगली.

पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण त्या भाकरी एका मुलाच्या होत्या आणि जवाच्या होत्या हे फक्त योहान सांगतो. जव म्हणजे गरिबाचं धान्य. डबा आईने बांधून दिला असेल का, देताना त्याने थोडं मागे ठेवायचा विचार केला असेल का, हे मुलांना रंगवून सांगायला लावा.

माझी आवडती मात्र रूथची गोष्ट, कारण आपल्या बऱ्याच मुलांची आजोळं अहिल्यानगरकडे, जालन्याकडे आहेत आणि सरवा वेचणं त्यांनी पाहिलेलं असतं. लेवीयच्या १९व्या अध्यायात नियमच आहे: शेताचे कोपरे कापायचे नाहीत, पडलेलं परत वेचायचं नाही, ते गरिबांचं आणि परक्यांचं. रूथ ज्याच्या शेतात सरवा वेचायला गेली त्या बवाजाने त्याहून पुढचं पाऊल टाकलं. कापणाऱ्यांना सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं ओढून टाका, आणि ती वेचत असताना तिला बोल लावू नका. देताना समोरच्याची मान खाली जाऊ नये हे शिकवायला याहून सरस प्रसंग मला सापडलेला नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये शेत कुठून आणायचं? पण ‘कोपरा’ असतो. पगारातला, डब्यातला, रविवारच्या दुपारचा. आपल्या घराचा कोपरा कुठला ते मुलांना शोधू द्या.

जकातदार जक्कयाची गोष्ट घेतलीत तर त्याचा क्रम नीट सांगा. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत. धाकट्या भावाचा चेंडू ढापून संडेस्कूलमध्ये दहा रुपये टाकणाऱ्या मुलाला हा दुसरा भाग ऐकायची जास्त गरज असते.

बायबलमधल्या माणसांबरोबर इथलं माणूसही हवं. पुण्यातल्या मुलांसाठी पंडिता रमाबाई अगदी शेजारच्या. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन, विधवांसाठीची निवासी शाळा, त्यांनी पुढच्याच वर्षी पुण्यात आणलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायांना घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, जे आजही चालू आहे. पण मुलांना सांगायची गोष्ट याच्या आधीची आहे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचं स्वतःचं कुटुंब अन्नावाचून फिरलं होतं. आई, वडील आणि मोठी बहीण त्यांनी त्या काळात गमावली. पोटातली ती भूक ठाऊक असलेली बाई वीस वर्षांनी दुसऱ्यांच्या भुकेकडे निघाली. केडगाव पुणे-सोलापूर लोहमार्गावर आहे, जाऊन-येऊन एका दिवसात होतं. आधी फोन करून परवानगी घ्या आणि मुलांना शेती, छपाई, विणकाम अशी कामं त्या बायकांना का शिकवली गेली हा प्रश्न घेऊनच न्या.

तिसरी पायरी: मूठ

पैशाचं देणं आठवड्याचं, पण सवय लागते ती रोजच्या गोष्टीने. त्यासाठी आपल्याकडची जुनी पद्धत उत्तम आहे: स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ वेगळी काढायची. मिझोरमच्या मंडळ्यांमध्ये बायका शंभरएक वर्षं हेच करत आल्या आहेत. ‘बुहफाई थाम’ म्हणतात त्याला, आणि त्या मुठींवर तिथली सुवार्तेची केवढी तरी कामं चालतात. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा केलं, ते मराठी वाचकाला सांगायला नको.

करायचं असं. तांदळाच्या डब्याशेजारी झाकणाचा दुसरा डबा ठेवा. रात्रीचा भात लावताना मुलाला हाक मारा, मूठ त्याची असू द्या. प्रार्थना मोठी नको, ‘प्रभू, आज जेवण नाही त्याच्यासाठी’ एवढी पुरते. लहान मुलाची मूठ साधारण पंचवीस-तीस ग्रॅमची भरते, म्हणजे महिन्याला पाऊण किलोच्या आसपास. महिनाअखेर मुलालाच वजन करू द्या, ते त्याच्या डोळ्यांनी मोजलेलं धान्य असतं. दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी: पीठ काढू नका, पुण्याच्या पावसाळ्यात त्याला आठवडाभरात जाळी लागते. एकाच जातीचा तांदूळ साठवा. कोलम, इंद्रायणी आणि बासमतीच्या कण्या एकत्र केलेला भात नीट शिजत नाही, आणि घेणाऱ्याला तो नीट शिजवून खायचा असतो. डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका. भात कमी खाणाऱ्या घरात तुरीची डाळ काढली तर आणखी चांगलं, कारण मदतीच्या शिध्यात तांदूळ सगळेच देतात, डाळ-तेल कमी पडतं.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, चाळीस दिवसांत हीच मूठ मोठी करता येते. कॅथलिक घरांत या काळात उपवासाची रक्कम वेगळी काढायची पद्धत आहेच. मुलांनी काय सोडायचं ते मुलांनी निवडावं. ‘चॉकलेट सोडलं’ एवढ्यावर थांबू नका. न घेतलेल्या चॉकलेटचे पैसे त्याच दिवशी बरणीत पडले तरच सोडण्याचं देण्यात रूपांतर होतं.

चौथी पायरी: माणूस दिसला पाहिजे

इथे थोडं थांबते, कारण सर्वांत जास्त घोळ इथेच होतात.

आपलं देणं बहुतेक वेळा कुठल्या तरी ‘गरिबांना’ जातं, आणि मुलाच्या मनात ‘गरीब’ म्हणजे पुठ्ठ्यावरचं चित्र. त्यापेक्षा ज्यांना ते रोज बघतं तिथून सुरुवात करा. सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताई, सोसायटीचे वॉचमन काका, कामाला येणाऱ्या मावशी. त्यांचं नाव मुलाला माहीत आहे का? त्यांची मुलं कितवीत आहेत? पुण्यात कचरावेचकांची स्वतःची स्वच्छ ही सहकारी संस्था आहे. आपल्या कचऱ्यात हात घालून त्या घर चालवतात, म्हणून फुटलेली काच जाड कागदात बांधून, वर लाल खूण करून देणं, सॅनिटरी कचरा वेगळा गुंडाळून देणं हेही देणंच आहे. पैसा लागत नाही आणि मूल पाचव्या वर्षापासून करू शकतं. उन्हाळ्यात दाराशी पाण्याचा तांब्या-भांडं, पण आपण पितो त्याच भांड्यात.

जुने कपडे. ‘देऊन टाकू’ हा शब्दप्रयोग घरात वापरूच नये. टाकायचं असेल तर टाका, द्यायचं असेल तर द्या. कसोटी सोपी: हा फ्रॉक घालून मी माझ्या मुलीला येत्या रविवारी चर्चला नेईन का? हो असेल तर धुऊन, इस्त्री करून, तुटलेलं बटण लावून द्या. बटण मुलानेच लावावं. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायातली दुर्कस कापड शिवूनच आठवणीत राहिली. बुटांच्या जोड्या नाड्यांनी एकमेकांना बांधा, खेळण्याचे सगळे तुकडे मोजून पिशवीत घाला; सोंगट्या हरवलेला ल्यूडो कुणाला द्यायचा? कसोटीत नापास झालेल्या सामानासाठी स्वच्छचे व्ही-कलेक्ट संकलनाचे दिवस असतात, तिकडे ते जाऊ द्या. पण त्याला दान म्हणू नका.

बालगृहाला भेट. डिसेंबरमध्ये पुण्यातल्या बालगृहांवर केकचा मारा होतो. शाळा, कंपन्या, तरुण संघ, सगळ्यांना नाताळच्या आठवड्यातच जायचं असतं. तिथली मुलं एका दिवसात तीन-तीनदा तेच गाणं ऐकतात. तुम्ही जूनमध्ये जा. रेनकोट, दप्तर, वह्या, शाळेचे बूट यांची गरज तेव्हा असते, आणि पावसात पाहुणेही नसतात. आधी फोन करून काय हवं ते विचारा आणि तेच न्या, आपल्या मनातलं नको. फोटो अजिबात नकोत. यात सभ्यतेचा भाग आहेच, पण कायदाही आहे: बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार संरक्षणात असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, आणि स्टेटसवरचा फोटोही त्यात येऊ शकतो. तिथे गेल्यावर वाटपाची रांग लावू नका. सामान ऑफिसात द्या आणि मुलांना मुलांबरोबर कॅरम खेळू द्या.

सिग्नलवर हात पुढे करणारी मुलं. गाडीच्या काचेतून आपलं मूल विचारतं, ‘आपण का नाही देत?’ प्रश्न रास्त आहे आणि ‘ती टोळी असते’ हे उत्तर आळशी. मुलांकडून भीक मागवून घेणं हा गुन्हा आहे आणि हातावर पडलेला पैसा बऱ्याचदा मुलाकडे राहत नाही, हे सांगा. पण काच वर करून प्रकरण मिटत नाही. गाडीत सीलबंद बिस्किटपुडे, राजगिऱ्याच्या वड्या ठेवा, देताना नजरेला नजर द्या, नाव विचारा. मूल आजारी किंवा धोक्यात दिसलं तर १०९८ या बाल हेल्पलाइनला फोन लावा, आणि तो आपल्या मुलाच्या समोर लावा.

आता खास पुण्याचं. आषाढात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात मुक्कामाला येतात: माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. आपली पंचहौद, क्वार्टर गेटची कितीतरी जुनी घरं याच भागात आहेत. त्या दोन दिवसांत दाराशी पाण्याचा ड्रम, लिंबू-सरबत, मोबाईल चार्ज करायला एक लांब वायर आणि चाललेल्या पायांना टेकायला दोन खुर्च्या ठेवता येतात. सरबत ढवळायला आणि पेले द्यायला मुलं. एक मात्र कटाक्षाने पाळा: पेल्याबरोबर पत्रक नको. येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या शोमरोन्याने वाटेतल्या जखमीच्या जखमांवर तेल-द्राक्षारस ओतला, खाणावळवाल्याला पैसे दिले आणि तो पुढे गेला. येशूने त्याच्या तोंडी एकही उपदेश घातलेला नाही. मूल जर हे शिकलं की देणं म्हणजे समोरच्याला आपल्याकडे ओढायचं साधन, तर नंतर ते पुसता येत नाही. वारकरी बाबांनी ‘रामकृष्ण हरी’ म्हटलं की मुलाने हसून हात जोडावेत. विश्वासाबद्दल कुणी विचारलंच तर सांगावं, लपवायचं काही नाही.

आणि देणारे फक्त आपणच, अशी हवाही डोक्यात जाऊ नये. क्वार्टर गेटच्या सिटी चर्चसाठी जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिली. ससून रुग्णालय डेव्हिड ससून या बगदादहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून उभं राहिलं, आणि आपल्यातल्या किती जणांचे जन्म तिथले! पुण्याच्या ख्रिस्ती मुलाने हा घेतल्याचा हिशेबही शिकावा.

पाचवी पायरी: मंडळीत

शनिवारी रात्री पाकीट तयार करा. मुलाने बरणीतून रक्कम काढायची, पाकिटावर स्वतःच्या अक्षरात कशासाठी ते लिहायचं: ‘आजीचं ऑपरेशन नीट झालं’, ‘गणितात पास’, किंवा नुसतं ‘उपकारस्तुती’. घरचं दान यूपीआयने जात असेल तर ते रविवारी चर्चच्या दाराशी उरकू नका. शनिवारीच जेवणानंतर सगळ्यांनी मिळून आकडा ठरवा, मुलाला ऐकू द्या, आणि मुलाचं पाकीट मात्र रोखीचंच ठेवा.

मंडळीच्या खजिनदारांना एकदा संडेस्कूलच्या वर्गात बोलवा. दानाचं काय होतं? विजेचं बिल, पाळकसाहेबांचा पगार, छपराची गळती, गावाकडच्या मंडळीला मदत, हे सगळं फळ्यावर लिहायला सांगा. मुलं आगाऊ प्रश्न विचारतील. एका मुलीने थेट ‘पाळकसाहेबांचा पगार आमच्या टीचरपेक्षा कमी का?’ असं विचारलं होतं आणि वर्गातले मोठे छताकडे बघायला लागले. विचारू द्या.

हंगामाचा सण, पिकातला वाटा देवाला अर्पण करायचा, म्हणजे तर मुलांसाठी सोन्याची संधी, आणि आपण तिची माती करतो. मंडईतून शनिवारी आणलेला भोपळा वेदीपुढे ठेवण्यात हंगाम कुठे आहे? सणाच्या महिनाभर आधी बाल्कनीतल्या फळांच्या रिकाम्या क्रेटमध्ये गोणपाट अंथरा, माती-शेणखत भरा आणि मेथी टाका. दाणे रात्रभर भिजवून घेतले तर तीन-चार दिवसांत उगवतात, पंचवीस-तीस दिवसांत जुडी होते. रोज पाणी घालणारं मूल ती वाकडीतिकडी जुडी वेदीपर्यंत नेताना कसं चालतं ते बघा. नंतर या अर्पणांचा लिलाव असतो. एक लिंबू पाचशेला जातं, टाळ्या पडतात, नाव पुकारलं जातं. मजा असते, पैसा चांगल्या कामाला जातो, मी त्याच्या विरोधात नाही. पण घरी येताना मत्तयचा सहावा अध्याय काढा, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं येशू म्हणतो तो, आणि मुलाला विचारा की आज काय वाटलं. मुलांसाठी दहा-वीस रुपयांच्या बोलींचा वेगळा लिलाव ठेवला तर त्यांच्या बरण्यांनाही वाव मिळतो.

नाताळच्या कॅरल फेरीत घरोघरी पाकिटं मिळतात. ती रक्कम बहुधा तरुण संघाच्या सहलीला जाते, आणि सहलीत गैर काही नाही. फेरी निघायच्या आधीच त्यातला किती हिस्सा कुणासाठी, हे गाणाऱ्यांनी ठरवावं. नंतर ठरवायला बसलं की लोणावळा जिंकतं. फराळाचं ताट घेऊन एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे मुलांनाच पाठवा, आणि पाठवताना सांगा की ताट ठेवून पळायचं नाही, अर्धा तास बसायचं. करंजीपेक्षा तो अर्धा तास जास्त हवा असतो.

एक नियम संडेस्कूलच्या शिक्षकांसाठी: कुणी किती दिलं याचा तक्ता, तारे, स्पर्धा काही नको. प्रत्येक वर्गात असं एक तरी मूल असतं ज्याच्या घरी मंडळीकडून शिधा जातो. त्या मुलाचं देणं सतरंज्या घालणं असेल, दृष्टी कमी झालेल्या आजोबांना शास्त्रपाठ वाचून दाखवणं असेल. त्याच्याही मुठीला काम हवं.

जिथे अडतं

मूल ‘नाही देणार’ म्हणालं तर ऐकून घ्या. कारण बऱ्याचदा साधं असतं: सायकलसाठी साठवतंय, किंवा मागच्या वेळी दिलेली बाहुली मावशींच्या मुलीने मोडली. रागावून काही मिळत नाही. बरणी तिथेच राहू द्या.

‘मी दहा दिले तर देव वीस देईल ना?’ हा प्रश्न मूल स्वतःहून विचारत नाही, कुठल्या तरी व्यासपीठावरून ऐकून आलेलं असतं. इथे गुळमुळीत राहू नका. स्पष्ट ‘नाही’ म्हणा. देव उधारीवर चालणारं दुकान नाही, आणि मकदुनियाच्या ज्या मंडळ्यांचं पौल कौतुक करतो त्या अत्यंत दारिद्र्यात होत्या आणि देऊन श्रीमंत झाल्या असं तो कुठेही लिहीत नाही. हा सौदा डोक्यात बसलेलं मूल घरात पहिलं मोठं आजारपण आलं की विश्वासावरच चिडतं.

बढाई मारणाऱ्या मुलाला चारचौघांत टोकू नका. त्याऐवजी एक गुपित द्या: या महिन्यात कुणासाठी तरी असं काही कर की तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. गुपित सांभाळण्यात मुलांना जेवढी मजा येते तेवढी टाळ्यांतही येत नाही.

मोठ्या मुलांचं

दहा वर्षं पूर्ण झाली की मुलाला टपाल खात्यात स्वतःच्या सहीने चालवता येणारं बचत खातं उघडता येतं. साठवायची बरणी तिकडे जाऊ द्या. याच वयात घरखर्चाची वही मुलांपुढे उघडावी: हप्ता, शाळेची फी, किराणा, गावी आजीला पाठवतो ते, मंडळीला देतो ते. ‘आपण हॉटेलात यापेक्षा जास्त घालवतो की’ असं मूल म्हणेल. म्हणू द्या, आणि पुढच्या महिन्याचा आकडा त्याच्यासोबत बसून ठरवा. बऱ्याच घरांत पहिला पगार देवाला द्यायची रीत आहे. ती पंधराव्या-सोळाव्या वर्षीच मुलांच्या कानावर असावी, म्हणजे नोकरी लागल्यावर ती सासरच्या आहेरासारखी अंगावर येत नाही.

या वयातली मुलं मोबाईलवर आलेल्या मदतीच्या आवाहनांनी विरघळतात. आजारी बाळाचा फोटो, खाली क्यूआर कोड. मन विरघळलं याचा आनंद माना आणि तपासायला शिकवा. रुग्णालयाचं नाव आहे का? तिथल्या नंबरवर, मेसेजमधल्या नव्हे, फोन लावून विचारायचं. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. कुठल्या रुग्णाला औषध, रक्त किंवा गावी परतायच्या भाड्याची खरोखर गरज आहे हे त्यांना ठाऊक असतं. संस्थेला देत असाल तर पावती मागायची, आणि दोन हजारांवरची रक्कम रोखीने द्यायची नाही, कारण देणगीवरची करसवलत त्या रोख रकमेवर मिळत नाही. मुलाने पाचशे जमवले असतील तर त्याला सोबत घेऊन त्या अधीक्षकांच्या खोलीबाहेर रांगेत उभे राहा. तासभर जाईल. आजूबाजूला जमिनीवर चादर टाकून बसलेले नातेवाईक त्याला दिसतील, त्यांच्यातलं कुणीतरी त्याला सरकून जागाही करून देईल.